दार उघडेपर्यंत

आत्याच्या घराचं दार लोटलं आणि भाची जागच्या जागी थबकली. पॅसेजमधल्या फरशीवर एक तरुण चक्क आडवा झालेला!

"अगंबाई! पडलात की काय?"

"नाही हो… बघतोय." त्याने मानही उचलली नाही. "इथून घर वेगळंच दिसतं. सतरंजीचं ते दुमडलेलं टोक, ती वायर… आणि आता तुमच्या चपला."

तिने ओशाळून चपला बाजूला सारल्या. हा आत्याचा फिजिओथेरपिस्ट होता. गेल्या महिन्यात आत्या न्हाणीघरात घसरली होती. हाडं शाबूत राहिली, पण भाचीच्या बाबांनी निक्षून सांगितलं – ताई, पुन्हा पडलीस तर हे घर बंद, आमच्याकडे यायचं. आत्याचा सारा जीव या घरात होता.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. भाचीही ऑफिसातून परस्पर इकडेच वळू लागली. सतरंजी माळ्यावर गेली, न्हाणीघरात आणि पॅसेजमध्ये धरायला दांडे बसले, आत्या हात न टेकता खुर्चीतून उठू लागली. एक गोष्ट मात्र भाचीला कळेना. हा बेल एकदाच वाजवतो आणि कितीही वेळ गेला तरी गप्प उभा राहतो. बाहेर करतो तरी काय?

एकदा तिने दाराच्या भिंगातून पाहिलंच. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून गुणगुणत होता. पापण्या केवढ्या लांब… तिला उगीचच हसू आलं.

"कोणतं गाणं चालू असतं हो?"

"बघत होतात?"

"अंहं… ऐकत होते."

"बेल वाजली की वयस्कर माणसं धावतात आणि पडतात. म्हणून मी अख्खं गाणं म्हणतो, मगच दुसरी बेल." तो हसला. "तुम्ही मात्र दार लवकर उघडता. शेवटचं कडवं राहूनच जातं."

एके दिवशी बाबा न कळवता आले आणि बेल दाबतच सुटले. भाची उठणार तोच आत्याने तिला खुणेने बसवलं.

"आले रे! थांब जरा!"

आत्या उठली, क्षणभर उभी राहिली, मग दांडा धरून सावकाश निघाली. भाचीचा जीव टांगणीला लागला. दार उघडलं. बाबांनी मोकळा पॅसेज पाहिला, बहिणीकडे पाहिलं.

"राहा गं ताई, इथेच राहा."

आनंदाच्या भरात भाचीच्या जरा उशिराच लक्षात आलं – म्हणजे आत्याचे उपचार संपले, आता तो यायचा नाही. तिला एकदम रडूच आलं.

दुसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. एकदाच. भाची धावत सुटली, स्वतःच्याच चपलांना अडखळली आणि कशीबशी कडीला लोंबकळतच तिने दार उघडलं.

"पळत आलात?"

"छे! कोण म्हणतं?"

"तीच पळाली," आतून आत्या म्हणाली. "मी आपली जागेवरच आहे."

"आत्याचं काम तर संपलं… मग आज?"

त्याने वाकून तिच्या चपला भिंतीशी नीट लावल्या.

"आज तुमच्याकडे आलोय. ते कडवं ऐकवायचं होतं… तुम्ही आवडता मला. फार."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मग पुन्हा बेल वाजवा," ती म्हणाली, "आणि अख्खं गाणं म्हणा. मी सावकाश येते."

तिने दार लोटलं आणि आतून कान लावून उभी राहिली. शेवटच्या कडव्यापर्यंत काही तिला धीर धरवला नाही.