मोठ्या सरांचा नवा रेग्युलेटर

"सोमवारी माझ्या दुकानाला सील लागणार आहे," खुर्चीत बसायच्या आधीच ती बाई म्हणाली. "आणि माझी चूक काय, हे मला कोणी सांगतच नाही."

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, पाणी."

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्यापासून टिपणं काढायला सोबत बसत. ते 'वहिनी' म्हणत म्हणून अशिलंही वहिनी म्हणू लागली, आणि त्याच न्यायाने दीर सगळ्यांचे भाऊजी झाले.

बाई पाणी प्यायली. बंदराजवळ तिचं पाणबुड्यांच्या सामानाचं दुकान होतं. गिऱ्हाइकांत सगळ्यात जुने मोठे सर. एकसष्ट वर्षांचे. पाणबुडीची शाळा चालवायचे, शिवाय जहाजांच्या तळाची कामंही घ्यायचे. बुधवारी तिने त्यांना नवा रेग्युलेटर विकला. शुक्रवारी सकाळी पंचवीस मीटरवरून ते गुदमरल्यासारखे सुसाट वर आले. आता इस्पितळात होते, शुद्धीवर नव्हते.

"रेग्युलेटर म्हणजे?" भाऊजींनी पेन्सिल उचलली.

"पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडापर्यंत बेताने आणून देणारं यंत्र. तीस वर्षं त्यांच्याकडे अगदी साधा होता. तोंडात धरा, ओढा, हवा येते. फिरवायला-बिरवायला काही नाही."

"आणि नवा?"

"त्याला नॉब आहे. सैल केला की हवा हलक्याने येते, घट्ट केला की जोर लावून ओढावी लागते. प्रवाहाकडे तोंड करून काम करताना हवा आपोआप वाहून जाते, तेव्हा थोडा घट्ट करायचा. खोलवर श्वास जड वाटला तर सैल. मी त्यांना दोन्ही दाखवले. साधा वाईट नसतो हो, नवशिक्याला मी साधाच देते. पण सर स्वतःच म्हणाले, हल्ली तळाला श्वास जड जातो, हलका करता येणाराच दे."

"एकटेच आले होते?"

"लेक होती सोबत. गाडी तीच चालवते."

"नॉब पूर्ण घट्ट केला तर हवा बंद पडते?"

"छे! कितीही घट्ट करा, हवा येतेच. फक्त कष्ट पडतात. तरीही मी तो पूर्ण सैल करून दिला. गुरुवारी संध्याकाळी पोहण्याच्या तलावात माझ्यासमोर ते तळाशी दहा मिनिटं बसले. वर येऊन म्हणाले, लोण्यासारखा आहे." तिचे डोळे भरून आले. "आता सगळे म्हणतात, बाईने म्हाताऱ्याच्या गळ्यात नसती भानगड मारली."

बंदर कार्यालयाचा अहवाल चार ओळींचा होता. 'नवा रेग्युलेटर सदोष असावा.' नॉबचा त्यात उल्लेखही नव्हता. वस्तू मोहोरबंद पिशवीत होती. कारकुनाने वहिनींच्या देखत मोहोर तोडली.

वहिनींनी नॉब दोन बोटांत धरला. घट्ट. आत आणखी फिरेना. मग त्या एकेक वेढा मोजत सैल करत गेल्या. सहा वेढे. पुन्हा मोजून सहा वेढे आत घेतले आणि पिशवी परत दिली.

"पिशवी याआधी उघडली होती कोणी?"

"नाही बाई. शुक्रवारी आली तशी कपाटात ठेवली. टाकीत अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक होती, तेवढं लिहून घेतलं."

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नॉबबद्दल कोणाजवळ चकार शब्द नाही. अगदी दुकानवाल्या बाईजवळही नाही."

"बॅगेत आपोआप फिरला नसेल?"

"अर्धा वेढा फिरेल. सहा कसे फिरतील?"

सरांचा जावई त्याच्या बोटीवर भेटला. हात ग्रीसने काळे. गुरुवारी दुपारपासून इंजिन खोलून बसला होता, रात्री मिस्त्रीबरोबर तिथेच झोपला आणि शुक्रवारी पहाटे ते जोडलं, असं त्याने सांगितलं. बाजूलाच बसलेल्या मिस्त्रीने मान डोलावली.

"सासरे काम थांबवणार असं काही बोलले होते?"

"ते थांबले तर ही बोट काय धुऊन पिऊ?" जावई वैतागला. "जहाजांची कामं त्यांच्या नावावर येतात. मी पाण्यात उतरत नाही. मला पोहताही धड येत नाही, हसू नका."

"शुक्रवारी त्यांचं सामान कोणी जोडलं?"

"त्यांनीच. घरून बॅग खांद्याला लावून येतात आणि कोणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी बोटीवर दोनदा श्वास घेऊन पाहिला. कपाळाला आठी पडली, पण बोलले काही नाहीत."

शाळेतले दुसरे शिक्षक, ज्यांना सगळे धाकटे सर म्हणत, वर्गात एकटेच बसले होते. सर निवृत्त झाले की शाळा त्यांच्याकडे येणार, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"पाण्यात काय झालं?"

"वीसच्या पुढे गेलो आणि त्यांचे बुडबुडे भराभर सुटायला लागले. मी खुणेने विचारलं, यंत्र बिघडलंय? त्यांनी मान हलवली, नाही. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग एकदम वर निघाले. मी त्यांचं जाकीट पकडून दहा मीटरपर्यंत रोखून धरलं, नाहीतर…" ते थांबले. "खाली श्वास अडतो ना, वहिनी, तेव्हा माणूस माणूस राहत नाही. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये."

"रेग्युलेटर तुम्ही पाहिलात?"

"कुठला! बोटीवर घेतलं, सामान पिशवीत कोंबलं, सरांना घेऊन धावलो."

लेक घरी होती; लेक-जावई सरांबरोबरच राहत. इस्पितळातून नुकतीच आली होती, डबा भरून परत निघणार होती. टेबलावर वडिलांच्या तपासण्यांची जाड फाइल. वहिनी कागद चाळू लागल्या. छातीचा फोटो, रक्ताचे अहवाल, आणि त्यांच्यामध्ये एक नवी कोरी पुस्तिका, एका पानाचा कोपरा दुमडलेली. वहिनींनी फाइल मिटली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आज डोळे उघडले. बोलत नाहीत अजून." तिने डबा पुढे ओढला. "किती वर्षं सांगतेय, बाबा, पुरे आता. आई गेल्यापासून मी एकटी किनाऱ्यावर उभी राहून घड्याळ बघते. त्यांचं आपलं एकच, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी."

"त्या यंत्राबद्दल तुम्हाला काय माहीत?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." ती डब्याचं झाकण लावत होती. झाकण बसेना. "पण त्यांना कळायला नको? नॉब घट्ट असेल तर सैल करावा! दोन बोटांचं काम! तीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस हात लावूनसुद्धा बघत नाही?"

वहिनींनी तिच्या हातातून डबा घेतला, झाकण नीट बसवून परत दिला.

रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात चौघंही जमली. दुकानवाली बाई दाराजवळ, जावई बाकाच्या टोकाला, लेक त्याच्या शेजारी, धाकटे सर फळ्यापाशी. भाऊजी वही उघडून बसले.

"रेग्युलेटर निर्दोष आहे," वहिनी म्हणाल्या. "त्याचा नॉब सहा वेढे, शेवटपर्यंत घट्ट केलेला होता."

दुकानवाली बाई उठून उभी राहिली. "मी सैल करून—"

"तुम्ही सैल करून दिलात, आणि तलावात तो सैलच होता. म्हणजे तो गुरुवारी संध्याकाळनंतर फिरवला गेला. सरांनी स्वतः? श्वास हलका व्हावा म्हणून घेतलेली वस्तू ते कशाला घट्ट करतील? बोटीवर त्यांनी बॅग कोणाच्या हाती दिली नाही. मग उरलं घर."

"म्हणजे माझ्यावर संशय?" जावई म्हणाला.

"तुम्ही बोटीवर होता, मिस्त्री साक्षीला आहे. शिवाय सरांचं काम थांबलं तर तुमचंही थांबतं."

"आता मी आधी हे पाहिलं," वहिनी पुढे म्हणाल्या, "की हे करणाऱ्याला काय हवं होतं. जीव घ्यायचा असता तर हा मार्ग कुचकामी. नॉब कितीही आवळला तरी हवा बंद होत नाही. माणूस फक्त थकतो. म्हणजे सर थकावेत, एवढीच इच्छा. त्यांनी थांबावं असं धाकट्या सरांनाही वाटू शकतं, शाळा त्यांना मिळणार आहे. पण खोल पाण्यात अडलेला श्वास काय करतो, ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. हे काम अशा माणसाचं, ज्याने यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत वाचलं की नॉब घट्ट केला की श्वास जड होतो, पण जड श्वास घेऊन कधी पाण्याखाली गेला नाही."

भाऊजींनी वहीचं पान उलटलं.

"अहवालात नॉबचा उल्लेख नाही. पिशवी बंद होती. तो घट्ट होता हे मला, भाऊजींना आणि कारकुनाला माहीत. आणि जिने तो केला तिला." त्या लेकीकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. "मी तुम्हाला नॉबबद्दल काही विचारलं नव्हतं. मला ओ की ठो कळत नाही म्हणालात, आणि पुढच्याच वाक्याला तो सैल करायला हवा होता म्हणालात. रेग्युलेटरची पुस्तिका बाबांच्या फाइलमध्ये आहे, नॉबचं पान दुमडलेलं आहे."

लेक बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

"दुकानात ते म्हणाले, श्वास जड जातो," ती म्हणाली. "मला वाटलं, आणखी थोडा जड वाटला तर घाबरतील. वर येतील, म्हणतील, पोरी, तुझं खरं. संपलं माझं. मला एवढंच ऐकायचं होतं. नाही जमलं तर नॉब सैल करतील, असंही वाटलं."

"नॉबकडे त्यांचं लक्षच गेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं ज्याच्या यंत्राला फिरवायला काही नव्हतं, त्याला श्वास अडला की एकच सुचतं, की आपलाच श्वास संपला. म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांना पटावं असं तुम्हाला जे वाटत होतं, ते पटलं होतं. पंचवीस मीटर खाली."

जावयाने बायकोच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच धरून राहिला. दुकानवाली बाई पुन्हा खाली बसली.

दुपारी लेक स्वतः बंदर कार्यालयात गेली. दोन पानी जबाब तिने आपल्या अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि तिथून तडक इस्पितळ गाठलं. वहिनी आणि भाऊजी दाराबाहेर थांबले.

मोठे सर उशीला टेकून बसले होते. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. लेकीने सगळं एका दमात सांगितलं.

"शेवटपर्यंत फिरवलास?" त्यांनी अखेर विचारलं.

"हो."

ते खिडकीकडे बघत राहिले.

"मी खाली काय म्हणत होतो माहीत आहे?" ते म्हणाले. "पोरीचं ऐकायला हवं होतं. हेच, परत परत."

लेक मटकन खाली बसली आणि पलंगाच्या कडेवर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली. सरांनी हात उचलला. तो तिच्या डोक्यावर ठेवायचा की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

भाऊजींनी वही मिटली. "चला," वहिनी हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी दार ओढून घेतलं.