कापडावरचा सूर्य

धाकटी हा ग्रह सूर्याच्या फार जवळ, म्हणून वस्तीने तो बाहेर ढकलायला घेतला. ध्रुवावर ग्रहसारक यंत्र बसवलं, त्याला चाळीस वर्षं झाली. वस्तीची कर्ती हौसाक्का. चार बुकंही शिकली नव्हती, पण तिच्या शब्दाबाहेर इथे तळघराचं झाकण उघडत नसे. दर हिवाळ्यात सणाच्या दिवशी तळघराच्या झरोक्याला भोकाचा पत्रा लावायचा, पांढऱ्या कापडावर सूर्य पाडायचा आणि हौसाक्काने त्याभोवती कोळशाची रेघ ओढायची. दरवर्षी वर्तुळ लहान. मग उन्हाळा आला की झरोका बंद, माणसं खाली.

यंदाचं वर्तुळ पाहून ती म्हणाली होती, सूर्य हटला, घुशींसारखं बिळात बसणं पुरे. बोलणाऱ्याने आधी आपलं माणूस पुढे करावं, म्हणून तिने पोटच्या विश्रामला उन्हाळाभर वर, जमिनीवरच्या यंत्रावर धाडलं. तिथून वस्ती वीस दिवसांच्या वाटेवर.

आज भर उन्हाळ्यात सुनेने, केतकीने, झरोका उघडला. कक्षांचं गणित तीच करायची. कापडावर जो उजेड पडला, त्यात चाळीसच्या चाळीस वर्तुळं बुडाली.

हौसाक्का झरोक्याकडे वळली. "पत्रा बदललास?"

"नाही, आत्याबाई. तोच आहे."

केतकीने सांगितलं ते असं. पलीकडे थोरला, अजस्र ग्रह. त्याचा एक फेरा होतो तेवढ्यात धाकटीचे बरोबर दोन. ढकलता ढकलता धाकटी या तालबंधात अडकली. दर वेळी गाठ एकाच जागी, ओढ एकाच जागी.

"झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावला की झोका वाढतो, तसं. आपण ढकलतो, पण ग्रह दूर जात नाही. कक्षाच लांबट होते. एक टोक लांब जातं, दुसरं सूर्याकडे सरकतं."

"आणि सण लांबच्या टोकाला."

"आपण थंडीतच मोजलं, आत्याबाई."

सूर्य सर्वांत जवळ यायला नऊ दिवस होते. वीस आणि नऊ यांतला फरक कळायला शाळा लागत नाही.

हौसाक्का बिनतारीपाशी बसली. यंत्र बंद कर, पुन्हा लावू नकोस, एवढंच तिने विश्रामला सांगितलं. त्याने केलं. का, ते विचारलं नाही. भिंत तापलीय, पाठ टेकवत नाही आता, म्हणाला, पण पाणी पुष्कळ आहे.

जरा वेळाने त्याचा आवाज पुन्हा आला. "आई, सूर्य खरंच लहान झालाय ना?"

तिने कापडाकडे पाहिलं.

"झालाय," ती म्हणाली. "थंडीत बघशील."