ब्रँटची तीन मिनिटं

"ए! ते तोडू नकोस!"

बागेच्या दुसऱ्या टोकाहून मी ओरडले, पण तोवर उशीर झाला होता. एकशे अठरा नंबरच्या झाडाखाली उभ्या असलेल्या त्या आडदांड मुलानं सफरचंदाचा मोठा घास घेतला होता. आभाळातून पाऊस आणि बर्फ यांच्या मधलंच काहीतरी पडत होतं. त्याचे केस कपाळाला चिकटले होते, आणि चेहरा... चेहरा असा वाकडा झाला होता, की रागावू की हसू, ते मला कळेना.

"हे इतकं आंबट का आहे?" त्यानं विचारलं.

"तुला खायला कोणी सांगितलं होतं?"

"पावसाला थांबलो होतो. हे समोर लटकत होतं."

"ते सात वर्षांनी लटकलं होतं," मी म्हणाले. "सात वर्षांपूर्वी या बागेच्या प्रमुख टीमनबाईंनी हे झाड बीपासून वाढवायला घेतलं. त्याला आयुष्यात आलेलं हे पहिलं फळ. एकच होतं. आज मी त्याचं वजन करणार होते, कापणार होते आणि चव लिहिणार होते."

त्यानं हातातल्या उरलेल्या सफरचंदाकडे पाहिलं. मग ते दोन्ही हातांनी, एखाद्या पाखराच्या पिल्लासारखं माझ्यापुढे धरलं.

"वजन गेलं," तो म्हणाला. "चव मात्र मी सांगू शकतो. लिहून घे."

मी रागानंच वही उघडली. त्यानं डोळे मिटले.

"आधी आंबट. मग... थांब हं... मग पावसात भिजलेल्या लाकडी कुंपणासारखं. आणि शेवटी गोड, पण लाजत लाजत."

आमच्या वहीत 'आंबट, मध्यम, गोड' असे तीनच रकाने होते. तरी मी त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

"नाव?" मी विचारलं.

"सफरचंदाचं?"

"चोराचं."

"ब्रँट हावरलँड."

नाव ऐकलं आणि माझी पेन्सिल थांबली. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात बेचाळीस नंबरचं हेल्मेट घालून समोरच्याला धडकणारा हावरलँड हाच. आणि आमची बाग उपटून जे स्टेडियम बांधायचं चाललं होतं, ते याच्याच संघासाठी होतं.

"म्हणजे जागा बघायला आला होतास तर," मी म्हणाले.

"नाही गं. खरंच पावसाला थांबलो होतो." तो हसला. "पण आता आलोच आहे, तर सांग, मैदानाच्या मधली पन्नास यार्डांची रेघ कुठून जाणार?"

"तुझ्या डोक्यावरून!"

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. बरोबर कागदाच्या द्रोणात चिली, म्हणजे राजम्याची गरम तिखट आमटी, आणि दालचिनीचे रोल आणायचा. आम्ही शेडमध्ये उलट्या बादल्यांवर बसायचो. मी फळं कापायची, त्यानं चव सांगायची. बेचाळीस नंबरचा तो राक्षस सफरचंदाची फोड दोन बोटांत इतकी हलकेच धरायचा, की मी फळाऐवजी त्या बोटांकडेच पाहत बसायचे.

"इडा, तुझी पेन्सिल थांबली," तो म्हणायचा.

"तू नीट सांगत नाहीस म्हणून."

"मी केव्हाच सांगितलं. तू ऐकतच नव्हतीस."

स्टेडियमवरून मात्र आमचं दर मंगळवारी वाजायचं.

"तुमचं मैदान आहे ना डोंगरापाशी? पाच मैल काही लांब नाही," मी म्हणायचे.

"तू किती सामने पाहिलेस?"

"...एकही नाही."

"बघ! पोरं बसनं उशिरा येतात, आणि मध्यंतराला पहिल्या बसनं परत पळतात. शेवटच्या पाव तासात बाकं रिकामी असतात. सामन्याआधी आमची नावं पुकारतात तेव्हा माझी आई चारशे मैलांवरून आलेली असते, आणि तिच्या आजूबाजूला कोणी नसतं. मैदान इथं आलं तर पोरं वसतिगृहातून चालत येतील. तुला नाही कळायचं."

"आणि तुला हे कळायचं नाही, की सफरचंदाचं झाड उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. कलमं करता येतात जुन्या झाडांची. पण ही चारशे रोपं अजून निवडायची आहेत. कुठलं चांगलं, कुठलं वाईट, ते कळायला आणखी पाच वर्षं लागतील. टीमनबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत, ब्रँट."

तो मला एकदाही मध्येच तोडायचा नाही. मला आवडणारं हेच होतं. पटलं नाही तरी तो ऐकून घ्यायचा.

स्टेडियमबद्दल विद्यापीठाच्या विश्वस्तांसमोर सुनावणी होती; तिच्या आधीच्या मंगळवारी मी त्याला चौसष्ट नंबरची फोड दिली. त्यानं डोळे मिटले.

"हे नवीन आहे," तो म्हणाला. "हे झाड तू मला कधी दाखवलंच नाहीस."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी वहीचं मागचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. गेल्याच मंगळवारी, त्याच झाडाखाली उभं राहून त्यानं सांगितलं होतं: 'आईच्या हिवाळी कोटाच्या खिशासारखं.'

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ब्रँट?"

"दोन आठवड्यांपूर्वीच्या सामन्यात..." तो हळूहळू बोलू लागला. "धडक बसली. उठलो तेव्हा आमचा संघ कुठल्या बाजूला खेळतोय तेच कळेना. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की डॉक्टर खेळाबाहेर बसवतात. चार सामने राहिलेत, इडा. शेवटचं वर्ष आहे."

"तू वेडा आहेस का? आत्ताच्या आत्ता चल डॉक्टरांकडे!"

"मोसम संपला की जातो. शपथ. तू कोणाला सांगू नकोस. आईलासुद्धा माहीत नाही. फक्त तुला सांगितलंय." त्यानं माझा हात धरला. पहिल्यांदाच. "वचन दे."

बाहेर वारा शेडच्या पत्र्याला हलवत होता. त्याचा हात गरम होता. मी वचन दिलं. ते चूक होतं हे देतानाच कळत होतं, तरी दिलं.

आमच्याकडच्या सुनावणीची रीत अशी: दाराशी एक चिठ्ठी भरायची. बाजूनं बोलणार असाल तर हिरवी, विरोधात बोलणार असाल तर लाल. प्रत्येकाला मोजून तीन मिनिटं. टेबलावरचा दिवा लाल झाला, की वाक्य अर्धं असलं तरी खाली बसायचं. आणि स्वतः बोलायचं नसेल, तर चिठ्ठीच्या मागं दुसऱ्याचं नाव लिहून आपली मिनिटं त्याला देता येतात.

विद्यार्थी भवनाचं सभागृह दुपारी चारलाच भरलं. पुढं नऊ विश्वस्त. मागच्या दोन रांगांत जर्सी घातलेला सगळा संघ. प्रशिक्षकांनी त्यांना हिरव्या चिठ्ठ्या भरायला लावल्या होत्या. ब्रँट कडेला बसला होता. मी वळून पाहिलं, तर त्यानं भुवई उडवली. जणू म्हणत होता, तू आज माझी धूळधाण उडवणार, हो ना?

माझा क्रमांक सत्तावीस होता. त्याआधी एक माजी विद्यार्थी गावाच्या अभिमानावर बोलला, आणि एक ग्रंथपाल ग्रंथालयाच्या गळक्या छताबद्दल. मग मी उभी राहिले. रोपं, वर्षं, थंडीत तगणाऱ्या जाती, सगळं सांगितलं. एक विश्वस्त चष्मा पुसत होता. दुसरा घड्याळाकडे पाहत होता. सफरचंदं! लोकांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, की हे त्यांना गोड पोरकटपणासारखं वाटतंय. दिवा पिवळा झाला. तीस सेकंद. टीमनबाई पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"तुम्ही कशासाठी स्टेडियम बांधताय?" मी म्हणाले. "या मुलांची डोकी फुटताना जवळून दिसावीत म्हणून? त्या मागच्या रांगेतल्या बेचाळीस नंबरला विचारा, गेल्या आठवड्यात त्यानं काय खाल्लं. त्याला आठवत नाही! दोन आठवडे तो फुटक्या डोक्यानं खेळतोय, आणि तुमच्यापैकी एकालाही..."

दिवा लाल झाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. फक्त मी वळवली नाही. मला वळवता आली नाही. मागून प्रशिक्षकांचा आवाज आला, "हावरलँड, जरा बाहेर चल." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दार.

पुढचे तेरा जण काय बोलले, ते मला आजही सांगता येणार नाही.

"क्रमांक एकेचाळीस," सचिव बाईंनी हिरवी चिठ्ठी उचलली. "ब्रँट हावरलँड." त्यांनी ती उलटी करून पाहिली आणि थबकल्या. "यांनी आपली तीन मिनिटं... इडा व्होंड्रा यांना दिली आहेत. मिस व्होंड्रा, या."

त्यानं ती चिठ्ठी चारच्या आधी भरली होती. मी तोंड उघडण्याच्या आधी.

शेजारची मैत्रीण हलेन कुजबुजली, "जा गं! देवानं दिलेली संधी आहे, आता झाडांचं बोल!"

मी माईकपाशी गेले. हिरवा दिवा लागला.

"ही मिनिटं माझी नाहीत," मी म्हणाले. "ज्याची आहेत, त्यानं मला एक गोष्ट विश्वासानं सांगितली होती. मी ती तुमच्यासमोर फेकली. आता त्याच्याच मिनिटांत मी झाडांबद्दल बोलले, तर मी त्याला दोनदा लुटल्यासारखं होईल. त्याला हे स्टेडियम हवं आहे. का हवं आहे, ते त्यानं मला सांगितलंय. तेच सांगते."

आणि मी सांगितलं. पहिल्या बसनं परत जाणारी पोरं. शेवटच्या पाव तासातली रिकामी बाकं. चारशे मैल गाडी चालवून आलेली आई, आणि मुलाचं नाव पुकारल्यावर एकटेच टाळ्या वाजवणारे तिचे दोन हात. सफरचंदांवर बोलताना जो आवाज मला सापडला नव्हता, तो आता सापडला. चष्मा पुसणाऱ्या विश्वस्तानं चष्मा खाली ठेवला. मी बोलत होते आणि मला दिसत होतं, की मी जिंकतेय. वाक्यागणिक बाग हरत होती.

दिवा लाल व्हायच्या आधीच मी संपवलं.

पाच विरुद्ध चार. स्टेडियम मंजूर झालं. चष्मेवाल्या विश्वस्तांनी मत देताना म्हटलं, "मी विरोध करायचं ठरवून आलो होतो. एकेचाळीस क्रमांकानं माझं मन वळवलं."

टीमनबाईंनी कोट घातला, बटणं लावली. मी त्यांच्यासमोर उभी होते.

"दुसऱ्यांदा चांगलं बोललीस," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा बोललीस ते त्या मुलाच्या भल्याचं होतं. पण तू ते त्याच्या भल्यासाठी बोलली नव्हतीस. एवढं लक्षात ठेव, बाळ." आणि काठी टेकत निघून गेल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जानेवारीत करवती आल्या. जुन्या झाडांच्या फांद्या कलमांसाठी आम्ही आधीच कापून ठेवल्या होत्या. निवड न झालेली चारशे झाडं रांगेनं पडत होती. मी कुंपणाबाहेर उभी होते. इतक्यात रस्त्यावर एक पिकअप थांबली. गाडीत सामान भरलेलं होतं, स्टिअरिंगमागे एक बाई बसली होती. ब्रँट खाली उतरला.

दोन महिन्यांत मी त्याला पाहिलं नव्हतं. तपासणीनंतर त्याला खेळातून कायमचं बाहेर काढलं, एवढंच कानावर आलं होतं. उजेडानं त्रास होत असावा. काळा चष्मा घातला होता.

"घरी चाललोय," तो म्हणाला. "हे वर्ष तरी अभ्यास नाही. वाचलं की डोकं दुखतं."

"ब्रँट, मी..."

"थांब. मला आधी बोलू दे, नाहीतर क्रम विसरेन." तो कुंपणाच्या तारेकडे पाहत होता. "डॉक्टर म्हणाले, आणखी एक धडक बसली असती तर मी उठलो नसतो. आई म्हणते, त्या मुलीचे पाय धर."

"आणि तू काय म्हणतोस?"

"तू तेव्हाच, शेडमध्येच, मला न विचारता डॉक्टरांना फोन केला असतास ना... तर मी चिडलो असतो, आठवडाभर बोललो नसतो, आणि मग तुझ्याशी लग्न केलं असतं." त्यानं कुंपणाची तार मुठीत धरली. "पण तू गप्प राहिलीस. आणि तुझ्या कामाला आलं तेव्हा बाहेर काढलंस."

करवत थांबली, पुन्हा सुरू झाली. मी रडत नव्हते. रडायचा हक्क नव्हता माझा.

"मिनिटं का दिली होतीस?" मी विचारलं. "तुला तर स्टेडियम हवं होतं."

"अजूनही हवंय." तो किंचित हसला. "पण तुला बोलताना ऐकलंय मी. तुला तीन मिनिटं कधीच पुरली नसती."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले. दुसरं काही माझ्यापाशी उरलंच नव्हतं.

"माझंही आहे," तो म्हणाला. साधं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "ते गेलं असतं तर सोपं होतं. प्रेम आहे गं, इडा. फक्त तुला काही सांगायची आता भीती वाटते."

"मग सांगू नकोस काही. नुसतं पत्र लिही. कोरं पाठव."

त्यानं हातमोजा काढला, माझ्या गालावर पडलेला लाकडाचा भुसा अंगठ्यानं पुसला, आणि गाडीकडे चालू लागला. बर्फावर त्याचं पाऊल एकदा चुकलं. मी पुढे धावले नाही. त्याच्या आईनं आतून दार उघडून हात पुढे केला, आणि तो तिचा हात धरून वर चढला.