पाइपला बांधलेली वायर

धाकट्याची मुलगी पहिलीत गेली, त्या वर्षातली ही गोष्ट. रचलेली नाही. ज्याच्यासोबत घडली तो आमच्याच घरातला, आणि अजून हयात आहे.

शनिवार होता. भर दुपार.

थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ एकाच रुग्णालयात वायरमन. आठ दिवसांपूर्वी थोरला गच्चीवर पंपाची जोडणी करत होता, धाकटा खाली मेन स्विचपाशी. धाकट्याने स्विच दाबला.

थोरल्याला झटका बसला. तो टाकीवरून खाली कोसळला.

तेव्हापासून तो तिसऱ्या मजल्यावर निपचित... श्वासही मशीनचाच.

त्या दुपारी मेंदू तपासायचं मशीन खाटेपाशी लावलं. पडद्यावरची रेघ नुसती थरथरत होती.

"मेंदूचा प्रवाह फार बारीक असतो," डॉक्टरमॅडम धाकट्याला म्हणाल्या. "आजूबाजूची वीज त्यात घुसतेय. अर्थिंग बघ. रेघ स्वच्छ झाल्याशिवाय मला सांगता येणार नाही, तो आहे की गेला."

वहिनीने त्याला दारातच गाठलं.

"सावकाश करा, भाऊजी. घाई नडते तुम्हाला."

तो आत गेला.

ट्यूबलाइट बंद केली. खाटेची मोटर सोडवली. सगळ्या मशीनच्या अर्थिंगच्या वायरी एकाच पट्टीवर आणल्या. थरथर कमी झाली, पण जाईना. शेवटी जिवाच्या आकांताने त्याने आणखी एक वायर मशीनपासून ओढून भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपला बांधली. तोच पाइप वर गच्चीत जातो.

थरथर थांबली. आणि मग...

रेघेवर तीन टोकं उठली. सपाट. पुन्हा तीन.

धाकट्याने ती टोकं मोजली. भावांची कामाची रीत होती. वरचा माणूस पाइपवर तीन ठोके द्यायचा. म्हणजे, माझा हात तारेवर आहे, सुरू करू नको.

"मॅडम, दादा आहे. बघा ना, आहे तो."

मॅडमनी थोरल्याच्या डोक्यावरच्या तारा काढल्या, एकमेकींना जोडून टेबलावर ठेवल्या.

तीन टोकं. सपाट... तीन टोकं.

"हे त्याच्याकडून येत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "तू दोन ठिकाणी अर्थिंग केलंस, त्याचं असेल. पाइपची वायर काढ."

धाकटा गच्चीवर धावला.

कुणी नव्हतं. पंप बंद. पाइप उन्हाने भाजत होता...

फक्त पंजाएवढी जागा गार होती.

खाली येऊन त्याने पाना उचलला. वहिनीने त्याचं मनगट धरलं.

"तीन ठोके म्हणजे नको म्हणतायत ना ते?"

"त्या दिवशीही म्हणाला होता, वहिनी. ठोके ऐकले होते मी. वाटलं, झालं असेल एवढ्यात."

वहिनीचा हात सुटला.



"काढा," ती म्हणाली. "या ठोक्यांखाली त्यांची स्वतःची रेघ असेल, तर दिसू दे."

त्याने नट सोडवला. मॅडमनी तारा पुन्हा डोक्याला लावल्या.

अर्धा तास सगळे पडद्याकडे बघत राहिले. रेघ स्वच्छ होती. सरळ होती.

"पाइपला कान लावून बघा, भाऊजी," वहिनी म्हणाली.

त्याने लावला.

"काय म्हणतायत?"

"काही नाही."

आपण तिच्याशी खोटं बोललो, हे त्याने मला पंधरा वर्षांनी सांगितलं. काय ऐकलं, ते अजून सांगितलेलं नाही.

थोरला त्याच शनिवारी संध्याकाळी पावणेसहा वाजता वारला.