मापाचं माणूस

एस्कलान्टे गावाच्या पेट्रोलपंपावर कोरिन गाडीच्या काचेवरची लाल धूळ पुसत होती, तेव्हा रुलॉन दोन कागदी पेले घेऊन बाहेर आला. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पंपामागच्या कॉटनवुडची पानं हळदीसारखी पिवळी झाली होती आणि सकाळी साडेसातलाही बोटं आखडत होती.

"कॉफी?" कोरिनने विचारलं.

"गरम पेय," रुलॉन म्हणाला. त्यांच्या पंथात कॉफी वर्ज्य होती. "बिशपने विचारलं तर कोको."

"चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढला नाहीत तुम्ही, रुलॉनकाका. तो कशाला विचारतोय?"

"म्हणूनच विचारतो. बस गाडीत, पाय गारठले माझे."

रुलॉन तिचा सख्खा काका नव्हे. तिच्या वडिलांचा, डेल्विनचा, शाळेपासूनचा दोस्त. डेल्विन भूगोल शिकवायचे आणि दर ऑक्टोबरला लाकडी कॅमेरा घेऊन याच रस्त्याने चार ठिकाणी जायचे. तीच जागा, तोच दिवस, तीच चौकट. वाळू किती सरकली, पुराने काठ किती खाल्ला, झाडं किती वाढली, हे त्यांना पाहायचं असे. ट्रायपॉडचे पाय दरवर्षी त्याच बिंदूंवर यावेत म्हणून त्यांनी चारही ठिकाणी खडकात छिन्नीने तीन-तीन खळगे पाडले होते.

चौथी जागा हार्नेस घळीतली. तिथल्या फोटोत मापाला माणूस लागायचं, कारण तीनशे फुटांची भिंत फोटोत तीस फुटांचीही वाटू शकते. मापाचं माणूस म्हणजे कोरिन. सहाव्या वर्षापासून छत्तिसाव्या वर्षापर्यंत ती त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती. दरवर्षी वाढणारी मोजपट्टी कुठल्या शास्त्रात बसते, असं रुलॉन विचारायचा. डेल्विन फोटोच्या मागे तिची त्या वर्षीची उंची लिहून ठेवायचे. त्या कॅमेऱ्याच्या धुरकट काचेवर सगळं उलटं दिसतं. डेल्विननी आपली मुलगी एकतीस वर्षं खाली डोकं वर पाय अशीच पाहिली होती.

मागच्या वर्षी ती आली नाही. कामं होती. फोनवर ती म्हणाली होती, "एक काठी उभी करा ना बाबा. काय फरक पडतो?"

"खरंय," ते म्हणाले होते. "काठी कंटाळत तरी नाही."

रुलॉनचं तेव्हा खुबा बदलायचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून डेल्विन एकटेच गेले. तिसऱ्या दिवशी दोन वाटसरूंना ते हार्नेस घळीत सापडले. ट्रायपॉडशेजारी खडकाला टेकून बसलेले, मांडीवर टोपी. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. कॅमेऱ्यात फिल्मची चौकट तशीच होती. अशा चौकटीत दोन बाजूंना एकेक फिल्म बसते आणि प्रत्येकीवर सरकती पट्टी असते. पट्टीचा वरचा काठ एका अंगाने पांढरा, दुसऱ्या अंगाने काळा. पांढरा दिसला तर फिल्म कोरी, काळा दिसला तर फोटो काढून झाला. वडिलांच्या चौकटीची एक बाजू काळी होती, एक पांढरी.

वर्षभर ती चौकट कोरिनच्या कपाटात होती. काळ्या बाजूमागे वडिलांनी शेवटचं जे पाहिलं ते होतं. रिकामी भिंत असेल, काठी असेल. फिल्म धुतली की कळणार होतं. कळायला हवं होतं आणि कळू नये असंही वाटत होतं, म्हणून ती तशीच राहिली. आता चारही फोटो काढायचे, मग रुलॉनच्या तळघरातल्या डार्करूममध्ये तीही फिल्म धुवायची, असं तिने ठरवलं होतं. घळीतल्या फोटोसाठी त्याच चौकटीची पांढरी बाजू वापरायची होती. ती फिल्म वडिलांनी स्वतःच्या हाताने भरलेली होती.

तीन जागा झाल्या होत्या. कॅनबजवळच्या पहिल्या जागी खळगे वाळूने गच्च भरलेले होते. कोरिनने ते ब्रशने साफ केले. कॅननव्हिलच्या बाहेर ते अर्धे भरलेले होते. काल, तिसऱ्या जागी, त्यांत वाळूचा कण नव्हता.

"वारा," रुलॉन म्हणाला होता.

"वारा वाळू भरतो, काका."

"भरतो तसा काढतोही. मी भूगोलाचा मास्तर नाही."

घळीकडे जाणारा होल-इन-द-रॉकचा कच्चा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा आहे. तीस मैल गाडीने दात वाजवले. मग सेजची झुडपं मागे टाकून दोघं उघड्या खडकावरून खाली उतरले. रुलॉन नव्या खुब्याला शिव्या घालत होता.

"टायटॅनियम म्हणे. गंजलंय आत्ताच."

"टायटॅनियम गंजत नाही."

"तुझ्या बापासारखं बोलू नकोस."

तळाशी घोटाभर पाणी वाहत होतं आणि ते इतकं गार होतं की पाचव्या मिनिटाला पाय आपले वाटेनात. भिंती जवळ येत गेल्या. वरून ओघळलेल्या काळ्या डागांचे पट्टे, मध्येच ओल झिरपते तिथे नेच्यांची हिरवी रेघ. एक पक्षी जिना उतरावा तशी शीळ घालत होता. पावणेबाराला ते वळणाशी पोचले. समोरच्या कड्यावर ऊन आपटून भिंतीवर नारिंगी उजेड सांडत होता. ऊन मात्र खाली येत नव्हतं.

कोरिन खळगे साफ करायला वाकली. साफ करण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक खळग्याच्या कडेला खडकाची ताजी पांढरी पूड होती. ट्रायपॉडची लोखंडी टोकं दाबून फिरवली की निघते तशी.

"कोणीतरी येऊन गेलंय," ती म्हणाली.

रुलॉनने पाणी सोडून इतरत्र पाहिलं. ओल्या वाळूत त्यांच्या दोघांच्याच पावलांच्या खुणा होत्या. "येऊ दे की," तो म्हणाला. "तुझ्या बापाच्या नावावर नाहीये घळ."

त्याने कॅमेरा उभा केला. कोरिनने त्याला चौकट दिली, पांढरी बाजू वर करून.

"ही?"

"हीच. त्यांनी भरलेली."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि चौकट सरकवली. इतक्या कमी उजेडात शटर अठ्ठेचाळीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ मापाच्या माणसाने हलायचं नाही. कोरिन चाळीस पावलं चालत गेली, भिंतीला पाठ लावली, हात खाली सोडले. खडक जाकिटातूनही गार लागत होता. रुलॉन काळ्या कापडाखालून बाहेर आला आणि त्याने हात वर करून खाली घेतला.

"एक पँग्विच. दोन पँग्विच."

पँग्विच हे त्यांच्या वाटेवरचं गाव. सेकंद नीट पडावा म्हणून डेल्विन प्रत्येक आकड्यामागे ते नाव लावत. रुलॉनने ते लक्षात ठेवलं, याचं तिला बरं वाटलं. ती हलली नाही. आवाज खालचा, सपाट, कंटाळलेल्या मास्तरासारखा होता. सत्तावीस पँग्विच. अठ्ठावीस. पक्षी गप्प झाला होता. अठ्ठेचाळिसाव्या पँग्विचनंतर थोडं थांबून "बस" असं आलं, आणि तिने श्वास सोडला.

परत आल्यावर ती म्हणाली, "बरं वाटलं, काका. मोजलंत ते."

रुलॉन पट्टी परत सरकवत होता. "मी? तू मोजत होतीस ना?"

"मी ओठही हलवले नाहीत."

"मी घड्याळ पाहिलंच नाही पोरी. म्हटलं, तू मोजतेयस तर मोजू दे. तू बस म्हणालीस, मी बंद केलं."

"माझा आवाज होता?"

रुलॉनने चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसला. "घळीत पाणीसुद्धा माणसासारखं बोलतं," तो म्हणाला. "चल, आवर."

मैलभर ते पाण्यातून चालत गेले. मग पाण्याच्या मध्यावर रुलॉन थांबला. त्याने पिशवीतून चौकट काढली आणि दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली.

"आता दोन्हीकडे काळं आहे," तो म्हणाला.

"हो. दोन्ही फोटो झाले."

"कोरिन. डेल्विन उलटं लावायचा."

"काय उलटं?"

"पट्टी. सगळं जग कोऱ्या फिल्मला पांढरं लावतं. हा काळं लावायचा. म्हणायचा, कोरी फिल्म म्हणजे अंधार, तिला काळंच शोभतं. चाळीस वर्षं मी त्याला उलट्या खोपडीचा म्हणत आलो. आणि आज माझ्याच लक्षात..." त्याने वाक्य सोडलं. "तुला माहीत नव्हतं?"

तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पट्टी लावताना ती नेहमी चाळीस पावलांवर भिंतीशी उभी असे.

"म्हणजे त्यांचा शेवटचा फोटो पांढऱ्या बाजूला होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि आपण त्याच्यावरच दुसरा काढला."

"हो."

ती काठावरच्या दगडावर बसली. एक बूट काढून त्यातली वाळू झटकली, परत घातला. मग दुसरा. रुलॉनने माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला काहीतरी बोलावं लागलं असतं.

फिल्म दुसऱ्या दिवशी सकाळी धुतल्या. तळघरात व्हिनेगरसारखा वास होता आणि वर रुलॉनची बायको भांडी लावत होती. आधीपासून काळ्या असलेल्या बाजूची फिल्म पूर्ण स्वच्छ निघाली, खिडकीच्या काचेसारखी. तिच्यावर कधीच उजेड पडला नव्हता. रुलॉन म्हणाला होता तसंच होतं.

"दुसरी काळीठिक्कर निघणार," तो म्हणाला. "दुप्पट उजेड खाल्लाय तिने. आशा धरू नकोस."

ती काळीठिक्कर निघाली नाही. रुलॉनने ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि नुसतं "हं" म्हणाला. एकाच फोटोची असावी तशी ती होती. वर्षभराच्या अंतराने दोनदा टिपलेल्या झाडाचं एकही पान दुहेरी नव्हतं.

निगेटिव्ह वाळेपर्यंत दोघं वर जाऊन बसले. रुलॉनच्या बायकोने पॅनकेक केले होते. कोरिनने दोन खाल्ले. मग ते खाली आले.

लाल दिव्याखाली कागद रसायनात पडला. आधी भिंत आली, मग तिच्यावरचे काळे पट्टे, मग पाण्याची कड.

मग भिंतीशी दोन माणसं आली.

"डेल्विन स्वतःच उभा राहिला म्हणजे," रुलॉन म्हणाला. "शटर उघडलं आणि चालत गेला. मापाला माणूस नव्हतं ना."

"चाळीस पावलं. अठ्ठेचाळीस सेकंदांत. जाऊन परत."

"असेल."

"मग चालतानाची रेघ उमटली असती. धूसर दिसले असते."

डेल्विन धूसर नव्हते. कोटाची बटणं मोजता येत होती. टोपी, दाढीचे खुंट, डाव्या बुटाची सुटलेली नाडी, सगळं रेखीव होतं.

कोरिन धूसर होती. तिच्या छातीतून मागचा खडक दिसत होता, त्यावरच्या काळ्या पट्ट्यासकट.

"दोनदा काढलेल्या फोटोत असं होतंच," रुलॉन म्हणाला. "अर्धवट येतं माणूस."

"दोघंही अर्धवट यायला हवेत, काका."

वर नळ बंद झाला. रुलॉनने प्रिंट पाण्यात घातला, मग मोठा दिवा लावला. कोरिनने त्याच्याकडे भिंग मागितलं. त्याने ते दिलं आणि कपाटाकडे तोंड करून बाटल्या नीट लावू लागला.

ती ओल्या कागदावर वाकली.

वडील कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. तिच्याकडे पाहत होते, किंचित खाली, जणू ती अजून त्यांच्या कमरेएवढीच होती.

त्यांचा उजवा हात तिच्या खांद्यावर होता.

तो हात वर्षभर आधीचा असता तर नुसता तिथे तरंगला असता.

बोटांखाली तिच्या जाकिटाचं कापड दबलं होतं आणि दबलेल्या जागेपासून गळ्यापर्यंत चार सुरकुत्या गेल्या होत्या. फोटो होईपर्यंत लहान मूल हलू नये म्हणून धरतात, तेवढंच घट्ट.