राहून गेलेली वांग्याची गाय

ओसाकाला पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी सेत्सुको काकडी आणायला खाली उतरली. तिघी मैत्रिणी ज्या छोट्या निवासात उतरल्या होत्या, त्याच्या समोरच भाजीचं दुकान होतं. तिथून तिने एक बाकदार काकडी निवडून घेतली. शेजारच्या टोपलीत वांगी होती, जांभळी आणि चकचकीत. दिवसभराच्या प्रवासाने पाय भरून आले होते, दुकानात रांग वाढत होती. वांगं उद्या घेऊ, असं मनाशी म्हणून ती वर आली. पुढचं सगळं त्या 'उद्या'मुळे घडलं, असं सेत्सुको आजही म्हणते. आणि म्हणताना तिचे हात आपोआप जोडले जातात.

खरं तर त्या तिघी नव्हत्या, चौघी होत्या. सेत्सुको, मासायो, किनुए आणि फुमी. समुद्रकाठच्या एकाच गावातल्या, एकाच वर्गातल्या. सत्तरी जवळ आली तरी दर उन्हाळ्यात एक शहर बघायचं हा त्यांचा नेम होता. आखणी फुमीची. कुठल्या स्थानकात कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुठे काय खायचं, सगळं ती वहीत लिहून ठेवायची. ओसाकाची पानं तिने गेल्या वर्षीच लिहून काढली होती. ऐनवेळी सेत्सुकोने कच खाल्ली. "गुडघा दुखतोय गं. पुढच्या वर्षी जाऊ. ओसाका काय पळून जातंय?"

गुडघा दुखत होता हे खरं, पण एवढा नव्हता, हे तिचं तिला ठाऊक होतं. ओसाका पळून गेलं नाही. फेब्रुवारीत फुमी गेली. तिची नेहमीची पांढरी उन्हाची छत्री शवपेटीत ठेवायची होती, पण लोखंडी काड्या दहनाच्या भट्टीत चालत नाहीत, म्हणून सेत्सुकोने स्वतः कात्रीने कापड सोडवलं आणि घडी करून तिच्या छातीवर ठेवलं. कडेच्या लेसची एक पाकळी त्यात नव्हती. कानाझावाच्या सहलीत बसच्या दारात अडकून तुटली होती, तेव्हा चौघी रस्त्यात उभ्या राहून पोट धरून हसल्या होत्या.

किनुएचं तोफूचं दुकान वर्षातून फक्त ओबोनला बंद असतं, म्हणून सहल नेहमी त्याच दिवसांत. पण ओबोनला पितर घरी येतात, आणि फुमीचं हे पहिलंच ओबोन. तिच्या भावाच्या दारात तिला वाट दाखवायला पांढरा कंदील लागला होता आणि तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणी मात्र शहर बघायला निघालेल्या. गावात बोलणारे बोललेच.

निवासातल्या खोलीत सेत्सुकोने काकडीला चार दातकोरण्या टोचल्या, पाय झाले. घोडा खिडकीत, तोंड खोलीकडे करून उभा केला.

"हे काय चाललंय?" मासायोने विचारलं. जन्मभर शाळेत नर्स होती ती. तिचं विचारणंही ताप बघितल्यासारखं.

"फुमीला बोलावतेय."

"दुसऱ्याच्या घरचं माणूस असं आपल्या खिडकीत बोलवायचं नसतं, सेत्सुको. तिकडे तिच्यासाठी कंदील लागलाय."

"एवढी वही लिहिली तिने. तिला नको का ओसाका दाखवायला? माझ्यामुळे राहिलं तिचं."

किनुए गादीवर पसरली होती, तिने एक डोळा उघडला. "आणि गाय कुठंय? घोड्यावरून दौडत येईल बिचारी, परत काय चालत पाठवतेस? आगगाडीलासुद्धा पाच तास लागतात."

पितर काकडीच्या घोड्यावरून लगबगीने येतात आणि वांग्याच्या गाईवरून रमतगमत, मागे वळून बघत जातात. नुसता घोडा कुणी करत नाही.

"उद्या आणते," सेत्सुको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी किल्ला. फुमीच्या वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं : 'किल्ला आठच्या आत बघून घ्या. नंतर पटांगणात सावली नाही.' पण किनुएला वाटेत ताकोयाकीची गाडी दिसली. त्या ऑक्टोपसच्या गरम गोळ्यांच्या दोन थाळ्या होईपर्यंत दहा वाजले. खाऊन झाल्यावर सेत्सुकोने सगळ्यांच्या खायच्या काड्या थाळीच्या कडेला एका ओळीत, टोकाला टोक जुळवून लावल्या. ही फुमीची खोड. काडी वाकडी पडली तर तिला चैन पडत नसे.

किल्ला बघून तिघी खाली, बर्फगोळ्याच्या दुकानाशी पोचल्या तेव्हा सेत्सुकोच्या लक्षात आलं की वही वर राहिली. कापराच्या झाडाखालच्या बाकावर.

"मी जाते," मासायो म्हणाली. "तुला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. या उन्हात तू नको."

"माझ्याकडून राहिली, मीच आणते. आलेच."

"पाणी आहे?"

"आहे." बाटलीत चार घोट होते.

वही बाकावरच होती. सेत्सुकोचा जीव भांड्यात पडला. ती छातीशी धरून परत फिरली, आणि तिथेच चुकली. दगडी भिंती सगळ्या सारख्या. ज्या दारातून आली ते समजून ती दुसऱ्याच दारातून बाहेर पडली आणि कोरड्या खंदकाच्या कडेने चालत राहिली. बारा वाजून गेले होते. लांब कुठेतरी भोंग्यावरून एक बाई गोड आवाजात सांगत होती, ऊन फार आहे, घराबाहेर पडू नका. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. पाणी संपलं. किनुएला फोन लावावा म्हणून पिशवीत हात घातला, तर फोन मासायोकडे दिलेला.

मग झाडांवरचे ते उन्हाळी किडे, सकाळपासून कान किटवणारे, एकदम थांबले. फार तापलं की तेही गप्प होतात. त्या शांततेत सेत्सुकोला आपल्याच कानातली धडधड ऐकू यायला लागली. तिने कपाळावरून हात फिरवला. कपाळ कोरडं होतं. घाम थांबला की समजायचं, असं मासायो दर उन्हाळ्यात सांगायची. काय समजायचं ते आता तिला आठवेना. तिने भिंतीला हात टेकला, तर दगड तव्यासारखा.

तेवढ्यात अंगावरचं ऊन सरलं.

ढग आला असेल असं तिला वाटलं. पण समोरची वाट पांढरीफटक तापलेलीच होती. फक्त तिच्यापुरती, तिच्याभोवती एक गोल सावली पडली होती. गार. कापराचा वास येत होता, कपड्यांच्या पेटीतून नुकतंच काहीतरी काढल्यासारखा. सेत्सुकोने खाली पाहिलं. सावलीच्या कडेला लेसच्या पाकळ्या होत्या, एकीला एक लागून. डाव्या बाजूला एक पाकळी नव्हती.

वर बघायचं धाडस तिला झालं नाही.

"फुमी...?"

सावली अर्धं पाऊल पुढे सरकली आणि थांबली. फुमी अशीच चालायची, नेहमी अर्धं पाऊल पुढे. सेत्सुको उभी राहिली की पाठीवर ऊन चटकन डसायचं, म्हणून ती चालली. सावली सरकायची, ती तिच्यात शिरायची. मध्येच तिला वाटलं, बसावं, इथेच बसून घ्यावं. सावली पुढे गेली आणि पुढेच थांबून राहिली. मागे काही आली नाही. सेत्सुको रडत उठली आणि तिच्यापर्यंत गेली.

बर्फगोळ्याचं दुकान समोर आलं तेव्हा मासायो धावली. तिने सेत्सुकोला सावरलं, पदपथावरच आडवं केलं, दुकानातला बर्फ तिच्या काखेत आणि मानेखाली ठेवला. "अजून पाच मिनिटं उशीर झाला असता ना..." एवढंच म्हणाली. मासायोचा आवाज थरथरलेला त्या दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

किनुए तिला टोपीने वारा घालत होती. "छत्री कुठे टाकलीस?" तिने विचारलं.

"मी छत्री आणलीच नाहीये."

"लांबून येताना दिसली की. पांढरी..." किनुएचा हात थांबला. तिने मासायोकडे पाहिलं. मासायो बर्फ दाबत राहिली. मग हळूच म्हणाली, "मलाही दिसली."

त्या रात्री कुणालाच गाईची आठवण झाली नाही. सेत्सुको गोळी घेऊन गाढ झोपली होती, आणि दोघी तिचा श्वास ऐकत बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीतलं उरलेलं सगळं पाहिलं. कालव्यावरचे पूल, बाजार, बाहुल्यांच्या नाटकाचं थिएटर. सेत्सुकोच्या डाव्या हाताला सावली होती आणि प्रत्येक ठिकाणी ती खालच्या आवाजात सांगत होती, "हे बघ, फुमी. तू लिहिलं होतंस ते." भीती वाटत नव्हती असं नाही. पण फेब्रुवारीपासून छातीवर असलेला दगड उतरला होता. तिचा जीव वाचला होता, आणि तिच्या मैत्रिणीने ओसाका पाहिलं होतं. इतकं आभारी ती कधी कुणाची झाली नव्हती. परतीच्या गाडीत ती डोळे मिटून हसत होती, आणि तेव्हा किनुएने विचारलं, "गाय केलीस का गं?"

सेत्सुकोने डोळे उघडले. गाडी बोगद्यात शिरली.

गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, पितरांना निरोप देण्याच्या दिवशी, सेत्सुको फुमीच्या भावाकडे गेली. वहिनीने चहा दिला. "यंदा कंदील टिकलाच नाही बघ. तिन्ही दिवस. लावला की विझे. वारा तर नव्हता."

सेत्सुकोने चटईला कपाळ टेकून सगळं सांगितलं. वहिनीने आपला चहा खाली ठेवला. "ओसाकाला गेली म्हणायची. जाऊ दे. तिला इथे करमत नव्हतंच कधी." मग म्हणाली, "पण परत पाठव तिला, सेत्सुको. राहू देऊ नकोस."

संध्याकाळी सेत्सुकोने आपल्या दारात तागाच्या काड्यांचा निरोपाचा जाळ केला. चांगलं टपोरं वांगं आणलं होतं. चार दातकोरण्यांवर गाय उभी केली, तोंड रस्त्याकडे. "खूप उपकार झाले गं तुझे," ती म्हणाली. "आता सावकाश जा." आणि पोटभर रडून आत गेली.

सकाळी दार उघडलं तर वांगं पायरीवर आडवं पडलं होतं. मांजराने पाडलं असेल, असं तिने म्हणून पाहिलं. पण चारही दातकोरण्या शेजारी ठेवल्या होत्या. एका ओळीत, टोकाला टोक जुळवून.

आता जानेवारी आहे. गावात बर्फ पडून गेला, ऊन आलं, आणि दुपारी म्हाताऱ्या बायका ओसरीवर ऊन खायला बसतात. किनुए आणि मासायो सेत्सुकोच्या उजवीकडे बसतात. डावीकडे कुणी बसत नाही. अंगणातला सगळा बर्फ वितळला, फक्त तिथला एक गोल राहिलाय, कडेला पाकळ्या असलेला. सेत्सुकोचा डावा खांदा कायम गार असतो. ती रोज सकाळी त्या बाजूला वाकून आभार मानते, मनापासून मानते. फुमीमुळेच तर ती जिवंत आहे.

पण हल्ली सावली डावीकडे थांबत नाही. अर्धं पाऊल पुढे जाते, पायऱ्या उतरते, फाटकाशी थांबते. वाट बघते. सेत्सुकोला त्या दुपारचं सगळं आठवतं. मागे काही ती यायची नाही, सेत्सुकोनेच जायचं.

"पुढच्या वर्षी जाऊ, फुमी," ती हळूच म्हणते. "कुठे पळून जातंय का..."

काल दिवसभर ढग होते, ऊन नव्हतंच. संध्याकाळी दिवा लावायला सेत्सुको उठली, तर त्या दुपारसारखाच कापराचा वास घरात होता, आणि फाटकाशी नाही, उंबऱ्याच्या आत, कोरड्या चटईवर, एक गोल ओला आणि गार झाला होता. डाव्या कडेला एक पाकळी नव्हती.