बंद खोलीतली हवा

फ्लॅटमध्ये खिडक्या चार होत्या, दारं तीन, एक रिकामं लोखंडी कपाट, एक प्लास्टिकची खुर्ची आणि सगळ्या भिंतींवर मिळून अकरा खिळे. ओल कुठेही नव्हती. ती मी सगळ्यात आधी शोधली: न्हाणीघराच्या भिंतीची मागची बाजू, ओट्याखालचा कोपरा, कपाट सरकवून त्याची पाठ. बोटाला फक्त कोरडी धूळ लागली. आतापर्यंत पाहिलेल्या घरांपैकी असं हे पहिलंच.

ओल म्हणजे ताईचा दमा. आम्ही दोघी राहत होतो त्या खोलीच्या एका भिंतीवर काळी बुरशी होती. कितीही घासली तरी परत यायची. त्या हिवाळ्यात ताईला दोनदा इस्पितळात न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "औषधं मी देईन, पण घर तुम्ही बदला. तिसऱ्या वेळेचं मला सांगता येणार नाही."

मी इमारतींमधली हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. घर बघायला जाताना तिथलं एक यंत्र पर्समध्ये टाकून न्यायचे. मुठीत मावेल एवढं आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड किती, ते सांगतं. उघड्यावर आकडा चारशेवीसच्या आसपास असतो. बंद खोलीत माणसं श्वास घेत बसली की तो चढत जातो. खोली रिकामी असेल तर हळूहळू उतरून बाहेरच्या आकड्यावर येऊन थांबतो. हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ताई म्हणाली होती, "म्हणजे या शहरात हवासुद्धा चारशेवीसच."

एजंट उंबऱ्यापाशी किल्ली फिरवत उभा होता. आत आला नव्हता. "लोक नळाला पाणी येतं का बघतात," तो म्हणाला, "तुम्ही हवा येते का बघताय, मॅडम."

मागच्या खोलीत यंत्रावर आकडा आला एक हजार सहाशे चाळीस.

"इथे कोण राहतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. सहा-सात महिने बंद आहे. कुलूप तुमच्यासमोरच उघडलं ना?"

उघडलं होतं. गंजलेलं होतं, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला होता.

"मशीन बिघडलं असेल," तो म्हणाला.

मी यंत्र बाल्कनीत नेलं. आकडा उतरत उतरत चारशेवीसवर थांबला. मग मी ते तोंडाशी धरून फुंकर मारली. माणसाच्या उच्छ्वासात हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा किती तरी पट असतो, त्यामुळे आकडा एकदम तीन हजारांच्या वर उडाला. यंत्र ठीक होतं. मागच्या खोलीच्या खिडक्या उघडून आकडा खाली येईपर्यंत थांबले, खिडक्या पुन्हा लावल्या, यंत्र आत ठेवलं, दार ओढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. परत गेले तेव्हा आकडा सहाशेच्या पुढे होता आणि चढत होता.

"आधीच्या भाडेकरूंना इथे काही त्रास?"

"तक्रार नाही केली कधी." एजंट किल्लीकडे बघत म्हणाला. "उलट म्हणायचे, इथे आल्यापासून हलकं वाटतं."

मी त्याच्याकडून एक दिवस मागून घेतला. शेजारच्या फ्लॅटमधून एखाद्या फटीतून हवा येत असेल, हा पहिला अंदाज. मागच्या खोलीच्या झरोक्यावर, खिडक्यांच्या कडांवर चिकटपट्टी लावली. यंत्र खुर्चीवर ठेवलं आणि दारही बाहेरून चिकटपट्टीने बंद केलं. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पट्टी जशीच्या तशी होती. यंत्रात नोंदलेला आलेख प्रयोगशाळेत उघडून पाहिला. संध्याकाळी चढलेला, रात्रभर वर टिकलेला, सकाळ झाल्यावर उतरलेला. असे आलेख मी रोज बघते. बंद खोलीत दोन माणसं झोपली की असाच येतो.

ताईला सांगितलं. ती उशांना टेकून बसली होती. छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती.

"म्हणजे भुतं आहेत तिथे?"

"मी असं म्हटलं नाही. कारण सापडलं नाही, एवढंच म्हटलं."

"श्वास घेणारी भुतं. मग ती भुतं कसली गं, पट्टे?" लहानपणापासून मी दिसेल ते मोजायचे, म्हणून ती मला पट्टी म्हणते. "आपल्यासारखीच घराच्या शोधात असतील बिचारी."

ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. ओठ आधी पांढरे, मग निळसर झाले. मी तिच्या तोंडाशी औषधाचा फवारा धरला आणि पाठीवर हात ठेवून बसले. तळहाताखाली एकेक श्वास दगड ओढल्यासारखा येत होता.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ओल आहे का तिथे?"

"नाही."

"मग झालं तर."

आम्ही राहायला गेलो. दुसऱ्याच दिवशी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्या घरी शिवणकाम करतात. गळ्यात मोजायची फीत होती आणि ओठांत टाचण्या. टाचण्या काढून म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुझ्या बहिणीचा खोकला थांबला. इतके दिवस भिंतीतून ऐकू यायचा. मशीन थांबवून ऐकत बसायचे मी. जीव कासावीस व्हायचा."

"काकू, आम्ही कालच आलो."

"असं कसं? तू तिला समजवायचीस, तोही आवाज यायचा की." मग फीत बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "काय माहीत. आवाज कुठूनही येतात."

खोकला मात्र खरंच थांबला होता. ताईच्या फवाऱ्यावर कपाटात धूळ बसू लागली. ती न थांबता जिना चढायची, पाण्याने भरलेली बादली उचलायची, ओट्याशी उभी राहून गुणगुणायची. मी म्हटलं, जरा दमाने घे. तर म्हणाली, "दमा गेला, आता दमाने कशाला? इथे हलकं वाटतं गं."

शब्द तेच होते, एजंटने सांगितलेले. यंत्र पर्समध्येच होतं. ते मी बाहेर काढलं नाही. ताई बरी होती आणि मला आणखी काही मोजायचं नव्हतं.

रविवारी दुपारी गारठा होता. मागच्या खोलीच्या खिडक्या लावून, दार ओढून आम्ही दोघी झोपलो. मला जाग आली ती शांततेने. वर्षानुवर्षं मी त्या शिट्टीच्या आवाजात झोपत आले होते. आता शेजारच्या पलंगावरून काहीच ऐकू येत नव्हतं. साधा श्वाससुद्धा नाही.

पांघरूण मात्र वरखाली होत होतं.

मी पर्स उघडली आणि यंत्र सुरू केलं.

चारशेवीस.

बंद खोलीत दोन माणसं इतका वेळ झोपल्यावर हजाराच्या पुढे जायला हवं होतं. यंत्र बिघडलं असणार. मी ते घेऊन शेजारचं दार वाजवलं.

"काकू, यात जरा फुंकर मारता?"

"का गं, वाढदिवस आहे का याचा?" म्हणत त्यांनी फुंकर मारली.

तीन हजार आठशे.

मी परत आले. खोलीचं दार लावून घेतलं. आकडा उतरून स्थिर होईपर्यंत थांबले. मग वाकून यंत्र ताईच्या ओठांजवळ धरलं.

पांघरूण वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं, खाली आलं.

आकडा हलला नाही.

ताईने डोळे उघडले. गालांवर रंग होता. इतकी निरोगी ती मला कधीच दिसली नव्हती.

"आता काय मोजतेस, पट्टे?"

"काही नाही. झोप तू."

ती कुशीवर वळली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. काच अगदी जवळ होती, तिच्यावर वाफ धरली नव्हती. मी छाती भरून श्वास घेतला, यंत्र तोंडाशी धरलं आणि श्वास संपेपर्यंत फुंकर मारली.

चारशेवीस.